कूलगार्डीचं पाणी कुणी मोजलं?

पर्थहून पूर्वेच्या हमरस्त्यानं निघालं की तासाभरात चढ संपतो, गव्हाची शेतं लागतात आणि रस्त्याच्या कडेनं एक जाडजूड लोखंडी पाइप सोबतीला येतो. मध्ये कुठे तो जमिनीखाली गडप होतो, पुन्हा वर येतो, कधी डावीकडे असतो, कधी उजवीकडे. शेतं संपून लाल माती आणि निलगिरीची विरळ झाडी सुरू होते तरी तो असतोच. साडेपाचशे किलोमीटरांनंतर कालगूर्लीत पोचतो तेव्हाच थांबतो. १९०३ पासून त्यातून पाणी वाहतं आहे.

पश्चिम ऑस्ट्रेलियात राहायला आलेल्या प्रत्येकाला या पाइपची गोष्ट कुणी ना कुणी ऐकवतंच. मलाही पहिल्याच वर्षी ऐकवली. सप्टेंबर १८९२ मध्ये बेली आणि फोर्ड या दोघांना कूलगार्डीला सोनं सापडलं. पुढच्या जूनमध्ये हॅनन, फ्लॅनागन आणि शे यांना कालगूर्लीला सापडलं. माणसांची रीघ लागली, पण तिथे नदी नव्हती, ओढा नव्हता, पिण्याजोगी विहीरसुद्धा नव्हती. मग त्या वेळच्या वसाहतीचे मुख्य अभियंता सी. वाय. ओकॉनर यांनी १८९६ मध्ये समुद्राकडच्या डोंगरात हेलेना नदीवर धरण बांधायचं आणि रोज पन्नास लाख गॅलन पाणी आठ पंपिंग स्टेशनांनी चढवत वाळवंटात न्यायचं ठरवलं. उणीपुरी लाखभर लोकसंख्या असलेल्या वसाहतीनं पंचवीस लाख पौंडांचं कर्ज काढलं. वृत्तपत्रांनी ओकॉनरवर भ्रष्टाचाराचे आरोप केले, झोड उठवली. मार्च १९०२ मध्ये त्यांनी फ्रीमँटलजवळच्या किनाऱ्यावर आपलं आयुष्य संपवलं. दहा महिन्यांनी पाणी कालगूर्लीला पोचलं.

गोष्ट खरी आहे. त्या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे. माझा आक्षेप आहे तो या एका गोष्टीनं बाकी सगळा हिशेब झाकून टाकण्याला. वाळवंटातल्या खाणगावांच्या पाण्याच्या जुन्या नोंदी आज आपण शौर्यकथेची सामग्री म्हणून वाचतो. त्या जमाखर्चाच्या वह्या म्हणून वाचायला हव्यात. आणि तिथे नव्या खाणीला पाण्याची परवानगी देताना त्या टेबलावर असायलाच हव्यात, कोऱ्या राहिलेल्या पानांसकट.

त्या वह्यांत काय आहे ते आधी पाहू. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं ‘ट्रोव्ह’ या संकेतस्थळावर जुनी वृत्तपत्रं फुकट वाचायला ठेवली आहेत. त्यात ‘कूलगार्डी मायनर’ आहे, ‘कालगूर्ली मायनर’ आहे. छापील अक्षरं यंत्रानं वाचताना चुकतात, त्या चुका जगभरातले वाचक हौसेनं दुरुस्त करतात. २०२३ मध्ये पैशाअभावी हे संकेतस्थळ बंद पडायची वेळ आली होती, तेव्हा लोकांनी ओरड केली आणि सरकारला निधी द्यावा लागला. रात्री जेवणं आटोपली की मी ती पानं चाळत बसते. पहिल्यांदा नजरेत भरतं ते असं, की तिथे पाणी हा बाजारभावाचा विषय आहे. आपल्याकडे सोन्याचांदीचे दर छापतात तसं तिथे पाण्याच्या दराबद्दल लिहिलेलं असतं. टंचाईच्या दिवसांत गॅलनला, म्हणजे साडेचार लिटरला, दोन शिलिंगांपर्यंत भाव गेला होता. ओकॉनर यांच्या योजनेतला अंदाज होता हजार गॅलनला साडेतीन शिलिंग. या दोन आकड्यांमधलं अंतर पाहिलं की एवढं कर्ज काढायला लोक का तयार झाले ते कळतं.

विकलं जायचं ते बहुतेक पाणी कंडेन्सरचं. आसपासच्या तळ्यांत पाणी होतं, पण खारट, कित्येक ठिकाणी समुद्राहून खारट. लोखंडी टाक्यांत ते उकळायचं, वाफ लांबलचक पत्र्याच्या नळ्यांतून फिरवून थंड करायची आणि दुसऱ्या टोकाला ठिबकणारं पाणी पिंपात धरायचं. एकेका पिंपासाठी गाड्याच्या गाड्या लाकूड जळायचं. खाणींना टेकू लागायचे लाकडाचे, बॉयलरला जळण लाकडाचं, पाण्यालाही लाकूडच. त्या भागातली झाडी उतरवायला पुढे खास रेल्वे टाकली गेली. अंघोळ म्हणजे चैन. शौचाची व्यवस्था नाही, साठवलेलं पाणी दूषित, त्यामुळे टायफॉइडनं शेकडो माणसं गेली, बहुतेक ऐन पंचविशी-तिशीतली.

आता या वह्यांत काय नाही ते सांगते. पाणी कितीला विकलं ते आहे. पाणी कुणी ‘शोधलं’ तेही आहे. पण एका झऱ्यातून किती उपसलं, तो पुन्हा भरायला किती दिवस लागले, किती वर्षांनी आटला, हे जवळजवळ कुठेच सलग नाही. विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्याला भाव महत्त्वाचा. झरा पुन्हा भरतो की नाही याची काळजी त्याच्याच काठी पिढ्यानपिढ्या राहणाऱ्याला असते, आणि त्याच्या हातात वही नव्हती.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण कूलगार्डीच्याही आधीचं आहे. १८७५ मध्ये अर्नेस्ट जाइल्स हा शोधक उंटांचा तांडा घेऊन पूर्वेकडून वाळवंट ओलांडत होता. सतरा दिवस, सव्वातीनशे मैल पाण्याचा थेंब नाही. तांड्यात टॉमी नावाचा आदिवासी मुलगा होता. त्याला वाळूच्या टेकड्यांमध्ये झरा दिसला आणि सगळे वाचले. जाइल्सनं झऱ्याला नाव दिलं क्वीन व्हिक्टोरिया स्प्रिंग. झरा नकाशावर आला, नाव राणीचं लागलं. सोळा वर्षांनी, १८९१ मध्ये, डेव्हिड लिंडसेची मोठी मोहीम त्या नकाशाच्या भरवशावर तिथे पोचली तर झरा जवळजवळ कोरडा. जाइल्स खोटं बोलला नव्हता. त्यानं एका दिवसाचं पाणी पाहिलं आणि ते कायमचं म्हणून नकाशावर राहिलं. वाळवंटात पाण्याची एकच नोंद असणं नोंद नसण्यापेक्षा धोक्याचं ठरू शकतं, कारण तिच्यावर विसंबून माणूस पुढे निघतो.

सोन्याच्या लाटेत नेमकं हेच शेकडो पटींनी झालं. त्या प्रदेशात ग्रॅनाइटचे उघडे, कासवाच्या पाठीसारखे खडक आहेत. त्यांत कुंडं असतात. स्थानिक शब्द आहे ‘नामा’. तोंड अरुंद, आत पोट मोठं. सह्याद्रीतल्या गडांवर पावसाचं पाणी धरणारी टाकी ज्यांनी पाहिली आहेत त्यांना कल्पना येईल, फक्त ही कुंडं खडक झिजून आपोआप झालेली, काही माणसांनी विस्तव करून खडक फोडून मोठी केलेली. पाणी उन्हानं उडू नये, जनावर आत पडून मरू नये म्हणून तोंडावर सपाट दगड किंवा फांद्या ठेवायच्या. आपल्यापुरतं प्यायचं, झाकायचं, पुढे जायचं. अशा कुंडावर घोडेवाल्यांची एक टोळी रात्रभर थांबली की ते रिकामं. पुढच्या पावसापर्यंत ज्यांचा मुक्काम त्याच कुंडावर अवलंबून होता त्यांचं काय झालं, हे ‘मायनर’च्या पानांत शोधून पाहा.

हे पाणवठे बाहेरच्यांना सापडले कसे? १८९६ मध्ये डेव्हिड कार्नेगी हा शोधक कूलगार्डीहून उत्तरेला हॉल्स क्रीकपर्यंत वाळवंट तुडवत गेला. वाटेत तो आदिवासींना पकडून बांधून ठेवायचा आणि त्यांच्याकडून पाण्याची वाट काढून घ्यायचा. माणूस बोलेना तर त्याला खारवलेलं मांस खायला घालायचा, म्हणजे तहानेनं तो स्वतःच पाण्याकडे जाईल. आरोप करणाऱ्यानं सांगितलेली ही गोष्ट असती तर तपासून पाहावी लागली असती. कार्नेगीनं स्वतःच्या प्रवासवर्णनात ती छापली आहे, संकोच न करता. पुढे सोन्याच्या गावांना उत्तरेकडून गुरं आणण्यासाठी वाळवंटातून विहिरींची वाट आखली, तेव्हा ती आखणारा मोजणीदार आल्फ्रेड कॅनिंग यानंही आदिवासी वाटाड्यांच्या गळ्यात साखळ्या घातल्या. त्याच्याच पथकातल्या स्वयंपाक्यानं तक्रार केली, १९०८ मध्ये शाही आयोग बसला आणि आयोगानं कॅनिंगला निर्दोष ठरवलं. सरकारी दप्तरात त्या विहिरींना अनुक्रमांक आहेत. त्यांतल्या अनेक विहिरी ज्या जुन्या पाणवठ्यांवर खोदल्या, त्या पाणवठ्यांना आधीपासून नावं होती.

वहीतून गळलेली आणखी काही माणसं आहेत, आणि ती आपल्या बाजूची. पाइप येण्याआधी, रेल्वे येण्याआधी, पाणी आणि पीठ वाहिलं उंटांनी. उंट कराचीहून जहाजांनी आले, उंटवाले बलुचिस्तान, सिंध, पंजाब, सरहद्द प्रांत आणि अफगाणिस्तानातून. तिथे सगळ्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत. १८९८ च्या सुमारास कूलगार्डीत तीनेकशे मुसलमान होते, त्यांची मशीद होती. गावाचा मुख्य रस्ता आजही अवाढव्य रुंद आहे. उंटांचा तांडा वळवता यावा म्हणून तो तसा ठेवला. पण त्या वेळच्या कायद्यानं आशियाई माणसाला सोन्याच्या खाणीचा परवाना नव्हता. ‘अफगाण’ पाणवठे घाण करतात, अशी ओरड १८९४ मध्ये कूलगार्डीत होती, त्यांच्याविरुद्ध संघटनाही उभी राहिली. त्याच वर्षी एका पाणवठ्यावरच्या भांडणात गोऱ्या माणसानं उंटवाल्यांवर गोळ्या झाडल्या आणि खटल्यातून तो सुटला. महाडच्या चवदार तळ्याची गोष्ट लहानपणापासून ऐकलेल्या मराठी माणसाला यात काय घडलं ते समजावून सांगावं लागत नाही. पाणी ज्यांच्या पाठीवरून आलं त्यांच्या स्पर्शानं ते बाटतं, असं म्हणणारा समाज आपल्या ओळखीचा आहे.

यावर एक उत्तर मला नेहमी मिळतं. पाइप आला आणि हे सगळं संपलं ना? कुंडं वाचली, कंडेन्सर विझले, टायफॉइड आटोक्यात आला. मग जुन्या वह्या उकरून काय मिळणार?

पाइपनं जीव वाचवले हे मी नाकारत नाही. तो नसता तर कालगूर्ली आज नसतं, वाटेवरच्या गहूपट्ट्यातल्या कित्येक गावांत नळाला पाणी नसतं. पण हिशेब तिथे संपत नाही, तो जागा बदलतो. धरण भरलं तेव्हा पाणी वाढावं म्हणून हेलेनाच्या पाणलोटातल्या हजारो हेक्टरांवरच्या झाडांची साल गोलाकार कापून ती वाळवली गेली. झाडं गेली की पाणी जास्त वाहील, हा हिशेब कागदावर बरोबर होता. काही वर्षांतच धरणाचं पाणी खारट व्हायला लागलं. तिकडच्या पावसात समुद्राकडून येणारं किंचित मीठ असतं. हजारो वर्षांत ते जमिनीच्या पोटात साठलेलं असतं. खोल मुळांची झाडं पाणी शोषून घेतात तोवर मीठ खालीच राहतं. झाडं काढली की भूजल वर येतं आणि मीठ घेऊन येतं. सालकापणी थांबवावी लागली, जंगल पुन्हा वाढू द्यावं लागलं.

हे ज्यानं नीट मांडलं तो माणूस मला या सगळ्या इतिहासात फार जवळचा वाटतो. डब्ल्यू. ई. वुड हा रेल्वेतला अभियंता. वाफेच्या इंजिनांना गोडं पाणी लागतं, खारट पाण्यानं बॉयलर खराब होतात. म्हणून रेल्वे आपल्या तळ्यांच्या आणि ओढ्यांच्या पाण्याकडे लक्ष ठेवून असे. कुठलं पाणी कधी खारावलं आणि त्याआधी वरच्या अंगाची झाडी कधी तुटली, हे वुडनं जुळवून पाहिलं आणि १९२४ मध्ये लेख छापला. तोपर्यंत बरीच जमीन उघडी पडली होती, पण बरीच वाचण्याजोगी होती. पुढे पन्नास-साठच्या दशकांत सरकारनं वर्षाला दहा लाख एकर नवी जमीन लागवडीखाली आणायचं धोरण चालवलं. आज राज्याच्या नैर्ऋत्य भागात दहा लाख हेक्टरांहून अधिक जमीन खारावलेली आहे. रेल्वेची सलग नोंद होती, ती वाचणारा होता, छापील लेख होता. निर्णय घेणाऱ्यांच्या टेबलावर तो असलाच पाहिजे अशी सक्ती मात्र नव्हती. माझा सगळा मुद्दा या सक्तीचा आहे.

पाइपनं आणखी एक गोष्ट केली. दूरचं पाणी दारात आलं की जवळच्या पाण्याकडे कुणी पाहत नाही. हे कळायला ऑस्ट्रेलियात जायला नको. आमच्या गावात नळ आले आणि दहा वर्षांत बारवेत प्लास्टिक तरंगायला लागलं. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातली तरुण पोरं बारवा शोधून, गाळ काढून नकाशावर मांडताहेत, तेव्हा कुठे कळतंय की आपल्याकडे काय होतं. सदर्न क्रॉस आणि कूलगार्डी यांच्या मध्ये कॅरली नावाचा खडक आहे. रेल्वेसाठी १८९० च्या दशकात तिथे पाणी धरलं. खडकाच्याच चिपा सुट्या करून त्याच्या कडेनं गुडघाभर उंचीच्या भिंतीसारख्या ओळीनं उभ्या केल्या आहेत, म्हणजे खडकावर पडलेला पाऊस बाहेर न सांडता एका बाजूला यावा. तिथून अर्धगोल लोखंडी पन्हळ आधारांवर टांगून थेट तळ्यापर्यंत नेलं आहे. सव्वाशे वर्षं झाली, पाऊस पडला की ते आजही चालतं. मी तिथे एका हिवाळी सकाळी उभी होते. रात्री शिंतोडे पडले असतील तेवढेच, तरी पन्हळातून बोटभर धार तळ्यात पडत होती. इंच-दोन इंच पावसाचा एवढा नेटका विचार करणारे लोक पाइप आल्यावर मागे पडले. त्यांच्या कामाची मोजदाद आज सहलीच्या माहितीफलकावर उरली आहे.

ही मोजदाद आता का हवी? कारण लाट पुन्हा आलेली आहे. त्याच प्रदेशात सोनं तर निघतंच, शिवाय विजेच्या गाड्यांसाठी लिथियम. कूलगार्डीचं काय झालं ते आठवा. १८९८ च्या आसपास पर्थ आणि फ्रीमँटलखालोखाल राज्यातलं तिसरं मोठं गाव होतं ते. पाइप पोचला तोवर लोक निघून जायला लागले होते. आता कालगूर्लीच्या दक्षिणेची बाल्ड हिल ही लिथियमची खाण भाव कोसळल्यावर २०२४ च्या अखेरीस थांबवली. खनिजाचा भाव दोन-तीन वर्षांत वरखाली होतो. उपसलेलं भूजल त्या वेगानं परत येत नाही. तिथल्या सोन्याच्या गिरण्या जमिनीखाली गाडल्या गेलेल्या प्राचीन नद्यांच्या पात्रांतलं अतिखारट पाणी वापरतात. ‘खारटच तर आहे, कुणाच्या कामाचं?’ हा युक्तिवाद मी खूपदा ऐकला आहे. हेलेनाच्या झाडांबद्दलही असंच वाटलं होतं. शिवाय किनाऱ्याकडचा पाऊस १९७० च्या दशकापासून घटला आहे, २००६ पासून पर्थ समुद्राचं पाणी गोडं करून पितं. म्हणजे पाइपच्या उगमाशीही आता पूर्वीइतकं पाणी नाही. आणि या सगळ्याचं नियमन करणारा राज्याचा मूळ पाणी कायदा आहे १९१४ चा. पाइपनंतर अकरा वर्षांनी केलेला, पाणी भरपूर मिळत राहील असं वाटण्याच्या काळातला.

म्हणून माझं मागणं आहे ते असं. वाळवंटात खाणीसाठी पाणी मागणाऱ्यानं त्या जागेच्या पाण्याचा इतिहास अर्जासोबत जोडावा. जुनी वृत्तपत्रं, रेल्वेच्या नोंदी, सरकारी टाक्यांची दप्तरं, आधी बंद पडलेल्या खाणींचे अहवाल, सगळं. शोधायचा खर्च अर्जदाराचा, तपासणी सरकारची, आणि निकालपत्रात त्या इतिहासाला उत्तर दिलेलं असावं. कंपन्या म्हणतील याला वेळ लागतो. लागू दे. भूगर्भाचा नकाशा करायला वर्षानुवर्षं खर्च होतात तेव्हा वेळेची तक्रार ऐकू येत नाही.

सुरुवातीला मला वाटायचं, यात काय, सगळ्या नोंदी खुल्या कराव्यात, आदिवासींकडचं ज्ञानही लिहून घ्यावं, नकाशावर टाकावं. कार्नेगीचं प्रवासवर्णन वाचल्यावर ते मत बदललं. पाणवठ्याची जागा सांगण्याची किंमत ज्यांनी मोजली, त्यांना ‘आता पुन्हा सांगा, या वेळी चांगल्या कामासाठी’ असं म्हणण्याचा अधिकार कुणाला? त्या कोऱ्या पानांवर काय लिहायचं आणि काय लिहायचं नाही, हे त्यांनीच ठरवायला हवं. परवानगीच्या टेबलाशी त्यांना माहिती पुरवणारे म्हणून बोलावून भागणार नाही. ‘इथे नको’ म्हणण्याचा हक्क घेऊन त्यांनी बसायला हवं, आणि तो हक्क कायद्यात हवा.

एका खडकावर वांकाठा या तिथल्या आदिवासी समाजातल्या एका वयस्कर बाईंनी आम्हा चार-पाच जणांना नामा दाखवला. बाहेरून काही कळतच नव्हतं. त्यांनी वाकून परातीएवढी चीप सरकवली. आत हातभर खाली काळंशार पाणी, त्यात आकाशाचा तुकडा आणि आमची डोकी. थंड हवा वर आली. मी फोन काढला तेव्हा त्या म्हणाल्या, फोटो काढ, पण कुठला ते कुठे टाकू नकोस. मग त्यांनी ओंजळभर पाणी घेऊन तोंडाला लावलं आणि दगड पुन्हा होता तसा बसवला. फटीत दोन डहाळ्या खोचल्या. आम्ही खाली उतरलो.